ओल्या झाडांचं वजन

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका सोनाराचा काटा उघडून बसले होते. "यंदा अंकात परिसंवाद आहे," ते म्हणाले. "गांजासारखे अमली पदार्थ कायद्यानं मोकळे केले, तर आपल्यासारख्या देशात गुन्हेगारी आणि गरिबी कमी होईल का? तुम्ही पोलिसांच्या छाप्यांत माल तोलायला जाता असं ऐकलं. तुमचं मत हवंय."

मी म्हटलं, "मी वजन सांगते. मत कुणी विचारत नाही."

"मग वजनाबद्दल लिहा," ते म्हणाले आणि शब्दमर्यादा सांगून मोकळे झाले.

कुठलीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय मला सुचत नाही. वाणसामान, सुटे भाग, लग्नाचा आहेर, सगळ्याच्या माझ्याकडे याद्या असतात. त्याच दुपारी पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'मोकळं करावं', उजवीकडे 'करू नये'. आठवडाभर मुद्दे लिहीत गेले. मग लक्षात आलं, की तीच ती माणसं दोन्हीकडे येताहेत. डावीकडे यमुनाबाई लिहिलं होतं, तेच नाव उजवीकडेही खपून गेलं असतं. तिथं यादी अडली ती अडलीच. म्हणून ती बाजूला ठेवून जे पाहिलं तेवढंच सांगते.

आमचं दुकान नाशिकच्या जुन्या बाजारपेठेत आहे. वजनकाटे विकणं, दुरुस्त करणं आणि दरवर्षी वजनमापं खात्याकडून त्यांच्यावर शिक्का मारून आणणं हा आमचा धंदा. सासऱ्यांनी तराजू-पारड्यांपासून सुरुवात केली, आता सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. तपासणी मात्र तशीच. काटा सपाट जागी ठेवायचा, रिकामा असताना शून्य दाखवायचा, मग त्यावर प्रमाणित लोखंडी मापं ठेवून बघायचं. कडीचं वीस किलोचं माप आमच्या दारातच असतं. गिऱ्हाइकं त्याला ठेचकाळतात म्हणून आमचे हे वर्षानुवर्षं कुरकुरतात, पण उचलून आत काही ठेवत नाहीत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. देवळ्याचा एक कांदा व्यापारी घाईघाईनं काटा घेऊन आला. "ताई, बिघडलाय. बघा जरा."

तपासला. "शेठ, अगदी बरोबर दाखवतोय की."

"तेच तर सांगतोय!"

देवळाली कॅम्पातला एक भंगारवाला नवा काटा घेतला की पहिलं वजन बायकोचं करतो. ती काट्यावर उभी राहते आणि आम्हा सगळ्यांसमोर त्याला बजावते, "साडीचं वजा करा, बांगड्यांचं वजा करा, आणि मग बोला."

हे वजा करणं आमच्या धंद्यात फार महत्त्वाचं. बाजारात माल ओला असला की व्यापारी 'तूट' धरतो. म्हणजे वाळल्यावर जितकं घटेल असं त्याला वाटतं, तितकं वजन तो आधीच कापतो. कांद्याला तूट, भुईमुगाला तूट, मोहफुलांना तर हमखास. किती कापायची ते व्यापारी ठरवतो. शेतकरी भांडतो, आणि मग कापू देतो.

पोलिसांचं काम आमच्याकडे आलं ते सरळ मार्गानं. गांजा पकडला की जागच्या जागी पंचांसमोर त्याचं वजन करावं लागतं, आणि त्यासाठी शिक्का असलेला काटा व तो चालवणारा माणूस लागतो. दुकानात नोटीस येते, की अमुक ठिकाणी वजनकाट्यासह हजर राहावे. आमचे हे गाडी चालवतात आणि मी काटा लावते. बाई बघून पहिल्या वेळी सगळेच दचकतात. दुसऱ्या वेळेपासून चहा विचारतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं की गुन्हा म्हणजे गुन्हा. तसं नसतं. एक किलोपर्यंत माल सापडला तर शिक्षा थोडी. त्याच्या वर वाढत जाते. वीस किलोच्या पुढं काटा गेला, की तो 'व्यापारी प्रमाण' ठरतो. मग शिक्षा दहा वर्षांपासून पुढं सुरू होते आणि खटला संपेपर्यंत जामीन मिळणं महाकठीण. म्हणून आमच्या काट्यावरच्या लाल आकड्यांकडं छाप्याच्या जागी सगळे जसे बघतात, तसं सोनाराच्या दुकानातही कुणी बघत नाही.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत आली. बाजारात माल तोलताना मालक समोर लागतो, त्याशिवाय तोलाई होत नाही. इथं इतक्या वर्षांत मालक मी एकदाही पाहिला नाही. ट्रकच्या केबिनमागं गोण्या सापडतात, समोर ड्रायव्हर उभा असतो. पत्र्याच्या खोलीत पोतं सापडतं, समोर खोली सांभाळणारी विधवा बाई असते. माल कुणाचा विचारलं, तर कुणालाच ठाऊक नसतो. हे मी डाव्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं.

यमुनाबाई मला पहिल्यांदा भेटली ती गांजामुळं नाही, मोहाच्या फुलांमुळं. पेठ तालुक्यातल्या डोंगरातली बाई. भात, नागली, आणि पिकं निघाली की द्राक्षाच्या बागांत मजुरी. त्या काळी मोहफुलं ठरावीक मर्यादेबाहेर जवळ बाळगायला परवाना लागायचा, कारण त्यांची दारू होते. तिच्याकडं दोन गोण्या सापडल्या आणि तोलायला मला बोलावलं. ती काट्याशेजारी उकिडवी बसून होती.

"बाई, फुलं हायेत ती," ती मला म्हणाली. "झाडाखाली पडली, येचली. त्यात काय केला मी?"

मी आकडा सांगितला, अंमलदारानं लिहिला. फुलं जप्त झाली. जाताना तिनं एवढंच विचारलं, "गोणी तरी द्या ना परत. गोणी माझी हाय."

गोणीही मुद्देमालात गेली होती.

पुढं काही वर्षांनी मोहफुलांचे नियम सैल झाले. गोळा करा, साठवा, विका. एक दिवस चार बाया दुकानात आल्या, बचत गटासाठी काटा घ्यायला. त्यातली एक माझ्याकडं टक लावून बघत राहिली आणि एकदम हसली. "तुमीच ना वं? आमची फुलं तोलली ती?"

तिला मी सगळ्यात चांगला काटा दाखवला. तिनं स्वतः त्यावर हात ठेवून, काढून, शून्य परत येतंय का ते बघितलं. माझ्या दुकानात पदवीधर गिऱ्हाईकही हे करत नाही, असं मी लिहिणार होते. पण खरं म्हणजे ते मीच तिला आदल्या मिनिटाला शिकवलं होतं.

तर मोकळं केल्यानं काय झालं, हे विचारायला यमुनाबाईएवढं चांगलं माणूस नाही. मी तिला दर वर्षी विचारायचे, कारण गटाचा काटा शिक्क्यासाठी दर वर्षी माझ्याकडं यायचा. पहिल्या वर्षी म्हणाली, लय चांगला झाला, आता कुणाची भीती नाय. दुसऱ्या वर्षी म्हणाली, समदे एकदम फुलं आणतात, भाव पडतो, व्यापारी ओली म्हणून तूट धरतो. मी म्हटलं, "मग वाळवून विका." तर म्हणाली, "वाळवाया जागा लागते, थांबाया पोट लागतं." तिसऱ्या वर्षी गटानं एका शाळामास्तरांच्या घराची गच्ची मागून घेतली, फुलं वाळवली, थांबून विकली आणि हातात बऱ्यापैकी पडलं. पुरुष पूर्वी जितके प्यायचे तितकेच पितात, हेही तिनंच सांगितलं. मोहफुलापायी पकडलं मात्र गावात कुणी गेलं नाही. हे सगळं कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्याच्या पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी नोटीस आली ती तिच्याच गावची. परतीचा पाऊस आदल्या दिवशी धो धो पडून गेला होता. गाडी ओढ्याअलीकडं ठेवून आम्ही काटा दोघांच्या मध्ये धरून चालत गेलो. यांचा पाय दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "काटा सांभाळ." 'हात दे' नाही, 'काटा सांभाळ'.

नागलीच्या वावरात, तुरीच्या ओळींच्या आत, गांजाची झाडं होती. वावर सोमाचं, म्हणजे यमुनाबाईच्या नवऱ्याचं. बाहेरून एक माणूस आला होता, त्यानं बी दिलं आणि सांगितलं, तुरीत लाव, मोठं झालं की मी नेतो. मोटरसायकलवरचा माणूस एवढंच वर्णन सोमा करू शकला. डोंगरात मोटरसायकलवरूनच सगळे येतात.

झाडं उपटून ढीग केला होता. मुळांना चिखलाचे गोळे लोंबत होते, पानांतून पाणी ठिबकत होतं. मी काटा लावला, पंचांना शून्य दाखवलं आणि माझ्या सवयीनं विचारलं, "साहेब, काय तोलायचं? मुळं आणि माती धरून?"

फौजदार तरुण होते, कामाला चोख. म्हणाले, "जसं मिळालं तसं, मॅडम. पंचनाम्यात तसंच लिहितोय."

एका हवालदारानं झाड उचलताना सवयीनं मुळं पायावर आपटली, भाजीची जुडी झटकतात तशी.

"ओ, झटकू नका!" फौजदार ओरडले. "मुद्देमालात फेरफार होतो."

हवालदारानं पडलेल्या चिखलाकडं असं बघितलं, की तो परत लावावा की काय. कुणीतरी हसलं. मीही हसले असेन. मग गोण्या काट्यावर चढल्या. आकडा वीसच्या पुढं गेला, जेमतेम एक-दीड किलोनं. फौजदारांनी तो मोठ्यानं वाचला आणि हसणं थांबलं.

सोमा पायाचा चिखल गवताला पुसत होता. त्याला वीस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. यमुनाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं मला ओळखलं होतं, पण हसली नाही.

"बाई, ओलं तोललं?"

मी म्हटलं, "हो."

"आमच्या फुलांला तूट धरता. याला नाय धरत?"

मी फौजदारांकडं बघितलं. त्यांनी पंचांकडं बघितलं. कायद्यात तूट नाही, एवढंच शेवटी कुणीतरी म्हणालं. काटा आवरून आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "काटा बरोबर होता ना?"

"बरोबर होता."

"मग झालं तर."

सोमा तुरुंगात गेला. तारखेला यमुनाबाई नाशिकला यायची आणि परतीच्या एसटीला वेळ असला की दुकानात येऊन बसायची. माझ्यावर राग होता का, मला सांगता येणार नाही. चहा प्यायची, बशी धुऊन ठेवायची. तिला मोफत वकील मिळाली होती, एक तरुण वकीलबाई. ती म्हणाली होती, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. मुळं, खोड, चिखल म्हणजे गांजा नव्हे. ते वजा केलं तर वीसच्या खूप खाली येतं आणि जामिनाचा मार्ग उघडतो. यमुनाबाईनं हे मला दोनदा समजावून सांगितलं, जणू मीच ते ठरवणार होते.

अशीच ती बसलेली असताना शांताबाई आली. शांताबाई पंचवटीत भाजी विकते, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिचा थोरला मुलगा नशेच्या पार आहारी गेलाय. सुरुवात गांजानं झाली, पुढं गोळ्या, आणि आता काय घेतो ते तिलाही कळत नाही. त्यानं तिचा काटा विकला. तो फिरत फिरत माझ्याकडंच दुरुस्तीला आला, मी शिक्क्याच्या नंबरावरून ओळखला आणि सोडवून तिला दिला. त्यानं तो परत विकला. तेव्हापासून तिचा काटा रात्री माझ्या दुकानात राहतो. ती सकाळी नेते, भाजी संपली की आणून ठेवते.

दोघींचं छान जमलं. रानभाज्यांवरून बोलणं निघालं. करटुली कुठं मिळतात, कोवळा कुर्डू कसा खुडायचा. मग शांताबाईनं सहज विचारलं, "नाशकात कशाला आलीस गं?"

यमुनाबाईनं खरं सांगितलं. तिला खोटं सांगायचं कारणच माहीत नव्हतं.

शांताबाईनं काटा टेबलावर ठेवला. "तुमच्या वावरातला पाला माझ्या घरात जळतो, बाई."

"आमच्याकडं कुनी वढत नाय ते," यमुनाबाई म्हणाली. "कुठं जातं आमाला काय ठाव?"

"इथं येतं."

यमुनाबाईनं टेबलावरच्या काट्याकडं बघितलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमचा पोरगा कुठं हाय आता?"

"असंल कुठं तरी. पकडला तर बरं, असं वाटतं. आत तरी जेवंल. आणि पकडला तर मरंल, असंबी वाटतं."

"माझा आतच हाय," यमुनाबाई म्हणाली. "जेवतो का नाय, इचारलं तर मान हलवतो."

शांताबाई चहा न घेता गेली. पुढच्या आठवड्यात काटा ठेवायला आली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या डोंगरातल्या बाईचा नवरा सुटला का?"

"नाही अजून."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला लागला नाही. मोकळं केलं तर तिच्या पोराला पोलीस धरणार नाहीत, दवाखान्यात नेता येईल, असं माझ्या डाव्या रकान्यात आहे. बंदी असून गल्लीत मिळतं, मग मोकळं केल्यावर किराणा दुकानात मिळेल, असं उजवीकडं आहे. दोन्ही वाक्यं तिच्याच तोंडची.

मग मुद्देमालाची मोजदाद निघाली. जप्त केलेला माल दंडाधिकाऱ्यांसमोर परत तोलून त्याचे नमुने काढतात. कोर्टाच्या आवारात टेबल मांडलं होतं, काटा पुन्हा माझाच. गोण्या उघडल्या. चिखल वाळून गोणीच्या तळाशी भुकटी झाला होता, पानं कुरकुरीत, काही कुजलेली. आकडा आला तो पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी.

दंडाधिकाऱ्यांनी दोन्ही आकडे वाचले. मला विचारलं, "काटा तोच?"

"तोच."

"बिघाड?"

"नाही. दोन्ही वेळा तपासून लावलाय."

"मग यातलं बरोबर वजन कोणतं?"

मी खूप विचार केला. म्हटलं, "साहेब, दोन्ही बरोबर आहेत."

सगळे हसले. साहेबही हसले. पण मी विनोद केला नव्हता. तेव्हा तेवढं होतं, आता एवढं आहे. सरकारी वकिलांचं म्हणणं, गुन्हा घडला तेव्हाचं वजन धरा. वकीलबाईचं म्हणणं, चिखलाची शिक्षा माणसाला देऊ नका. दोघांचंही मला पटत होतं, आणि अशा वेळी माझ्यासारख्या माणसाची फार पंचाईत होते.

जामीन झाला. फुलोरा वेगळा काढून तोललाच नव्हता, हा मुद्दा लागू पडला असं वकीलबाईनं सांगितलं. तरी सोमा लगेच सुटला नाही, कारण जामीनदार हवा आणि गावातल्या निम्म्या जमिनी वनपट्ट्याच्या, त्या जामिनाला चालत नाहीत. शेवटी गच्ची देणारे शाळामास्तर उभे राहिले. खटला अजून चालू आहे. मोटरसायकलवाला सापडलेला नाही.

जामिनाचा हुकूम हातात आला त्या दिवशी यमुनाबाई दुकानात आली. मी तिला संपादकांचा प्रश्न विचारला. सरळ भाषेत, "सरकारनं उद्या गांजा मोकळा केला, मोहफुलांसारखा, तर?"

तिनं पदरानं बशी पुसली. "मंग गाडी घेऊन व्यापारी यील. ओला म्हणून तूट धरील."

"आणि?"

"आन काय. सोमा घरी ऱ्हाईल." थोडं थांबून म्हणाली, "त्या भाजीवाल्या बाईचा पोरगा घरी ऱ्हाईल का पन?"

मी कागद काढला, आणि काही न लिहिता परत ठेवला.

गेल्या महिन्यात गटाचा काटा शिक्क्याला आला. या वेळी तो सोमानं खांद्यावरून आणला होता. यमुनाबाई मागं. माणूस अर्धा झाला होता, पण काटा खाली ठेवताना त्यानं तो अगदी अलगद टेकवला. मी वायर जोडली, शून्य दाखवलं आणि दारातलं माप आणायला वळले.

"मी आनतो," तो म्हणाला. कडीत हात घालून त्यानं माप उचललं. "किती हाय ह्ये?"

"वीस किलो."

तो तसाच थांबला. माप एका हातात धरून, दारात. यमुनाबाई त्याच्याकडं बघत होती. शांताबाई तिचा काटा न्यायला आली होती, ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आमच्या ह्यांनी हिशेब थांबवला.

सोमानं माप जरासं वर केलं, खाली आणलं.

"एवढाच?" त्यानं मला विचारलं.

मी हो म्हटलं. त्यानं ते काट्यावर ठेवलं. काट्यानं वीस दाखवले, बरोबर वीस.